घटना मोडणारे दोघे, शिक्षा एकालाच

मार्च २०२०मध्ये गिनीचे अध्यक्ष आल्फा कोंडे यांनी सार्वमत घेऊन नवी राज्यघटना आणली. जुन्या घटनेनुसार अध्यक्षाला दोनच कार्यकाळ मिळत होते. नव्या घटनेच्या आधाराने मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोंडे तिसऱ्यांदा निवडून आले. विरोधात रस्त्यावर उतरलेली माणसे गोळीबारात मेली. पश्चिम आफ्रिकी देशांच्या समुदायाने, म्हणजे इकोवासने, सार्वमताआधी तज्ज्ञ पाठवून मतदारयादी तपासली आणि सुमारे २५ लाख संशयास्पद नोंदी वगळायला लावल्या. काम चोख झाले. ज्या प्रश्नासाठी लोक मरत होते त्याबद्दल मात्र, म्हणजे तिसऱ्या कार्यकाळाबद्दल, या संघटनेने एकही कारवाई केली नाही. मग ५ सप्टेंबर २०२१ रोजी लष्कराने कोंडे यांना पदावरून हटवले आणि तीन दिवसांत, ८ सप्टेंबरला, इकोवासने गिनीचे सदस्यत्व निलंबित केले.

निलंबन योग्यच होते. बंदुकीच्या जोरावर सत्ता घेणाऱ्याला शेजाऱ्यांनी मान्यता देऊ नये, यात वाद नाही. पण लोकशाही आणि सुशासन यांसाठी शेजारी देशांनी एकत्र यायचे ठरवले, तर त्यांची पहिली परीक्षा बंडानंतर होत नाही. ती त्याआधी दोन वर्षे होते, सत्तेवरचा माणूस नियम बदलू लागतो तेव्हा. आज जगातल्या बहुतेक प्रादेशिक संघटना या परीक्षेला बसतच नाहीत. त्यामुळे त्यांची बंडविरोधी भूमिकाही लोकांना पटेनाशी झाली आहे. ही भागीदारी निरुपयोगी आहे असे मला अजिबात वाटत नाही. तिने सत्ताधाऱ्यालाही नियम लावला पाहिजे आणि आपले बळ देशातल्या निवडणूक आयोगामागे व न्यायालयामागे उभे केले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे. हे कसे करता येते याची उदाहरणे आहेत, आणि कुठे बिघडते हेही आता पुरेसे स्पष्ट झाले आहे.

नियमांची वानवा नाही. २०००च्या लोमे जाहीरनाम्याने आफ्रिकी देशांनी घटनाबाह्य सत्तांतराची व्याख्या केली : लष्करी उठाव, भाडोत्री सैनिकांचा हस्तक्षेप, सशस्त्र बंडखोरांनी सत्ता बळकावणे, आणि निवडणूक हरलेल्या सरकारने सत्ता न सोडणे. २००७मध्ये अदिस अबाबा येथे लोकशाही, निवडणुका आणि शासन यांविषयीची आफ्रिकी सनद मंजूर झाली, ती २०१२पासून लागू आहे. तिच्या २३व्या कलमात या चार प्रकारांना पाचवा जोडला गेला : लोकशाही सत्तांतराच्या तत्त्वाला बाधा येईल अशी घटनादुरुस्ती किंवा कायद्यातील बदल. म्हणजे कोंडे यांनी केले ते या व्याख्येत आणता आले असते. २५व्या कलमानुसार घटनाबाह्य मार्गाने सत्ता घेणाऱ्याला लोकशाही पुन्हा आणण्यासाठी होणाऱ्या निवडणुकीत उभे राहता येत नाही. इकोवासच्या २००१च्या पूरक कराराचे (प्रोटोकॉलचे) दुसरे कलमही लक्षात ठेवण्यासारखे आहे. निवडणुकीच्या आधीच्या सहा महिन्यांत निवडणूक कायद्यात मोठा बदल करायचा असेल, तर बहुसंख्य राजकीय पक्ष-गटांची संमती लागते.

अडते ते अंमलबजावणीत. पाचवा प्रकार घडला की नाही हे ठरवण्याची पद्धत सैल आहे आणि अखेरचा निर्णय सरकारांच्याच हातात आहे. ज्यांना स्वतःला उद्या तिसरा कार्यकाळ हवा असेल, तेच आज दुसऱ्याच्या तिसऱ्या कार्यकाळावर निवाडा देतात. कोणत्याही देशात खटल्यातल्या पक्षकाराला न्यायासनावर बसू देत नाहीत. इथे ती रीतच आहे. बंडाच्या बाबतीत या नेत्यांचा स्वार्थ आणि लोकशाहीचा स्वार्थ एकाच बाजूला असतो, कारण बंड त्यांच्याही खुर्चीला धोका आहे. म्हणून तिथे तीन दिवसांत निर्णय होतो. घटना वाकवण्याच्या बाबतीत हे दोन स्वार्थ एकमेकांविरुद्ध जातात, आणि तिथे ‘चिंता व्यक्त’ होते.

सोयीचे असेल तर बंडाकडेही डोळेझाक होते. एप्रिल २०२१मध्ये चाडचे अध्यक्ष इद्रिस देबी मारले गेले. घटनेप्रमाणे संसदेच्या सभापतींकडे हंगामी सूत्रे जायला हवी होती. ती लष्करी परिषदेने घेतली आणि प्रमुखपदी देबी यांचा मुलगा महामत बसला. आफ्रिकी संघाने चाडला निलंबित केले नाही. सुरक्षेच्या कामात चाडचे सैन्य सर्वांना हवे होते. मे २०२४मध्ये महामत देबी निवडणुकीला उभे राहिले आणि जिंकले. २५वे कलम कागदावर तसेच राहिले. शेजारच्या देशांतल्या लष्करी अधिकाऱ्यांनी यातून काय शिकायचे ते शिकून घेतले.

मग यश कधी मिळते? गांबियाचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्याचा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो. १ डिसेंबर २०१६ रोजी तिथे अध्यक्षपदाची निवडणूक झाली. बावीस वर्षे सत्तेवर असलेले याह्या जामेह हरले, अदामा बॅरो जिंकले. दुसऱ्याच दिवशी जामेह यांनी दूरचित्रवाणीवर पराभव मान्य केला. मग एका भागातील बेरजेची चूक सापडली म्हणून आयोगाने आकडे दुरुस्त केले : बॅरो २,२७,७०८, जामेह २,०८,४८७. आघाडी घटली, विजेता तोच राहिला. जामेह यांनी ही दुरुस्ती निमित्त म्हणून वापरली आणि ९ डिसेंबरला निकाल नाकारला. पुढच्या सहा आठवड्यांत लायबेरिया, नायजेरिया, घाना, सिएरा लिओन या देशांचे नेते गांबियाच्या राजधानीत, बांजुलला आले, बोलणी झाली, मुदत ठरली. १९ जानेवारी २०१७ रोजी बॅरो यांनी सेनेगलची राजधानी डाकारमधील गांबियाच्या दूतावासात शपथ घेतली. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २३३७ मंजूर केला आणि इकोवासचे सैन्य सीमा ओलांडून आत गेले. २१ जानेवारीला जामेह देश सोडून गेले.

सैन्य गेले आणि हुकूमशहा पळाला, एवढाच धडा पुष्कळांनी यातून घेतला. सैन्य उपयोगी पडले त्याआधी चार गोष्टी घडून गेल्या होत्या. पहिली मतमोजणीची. गांबियात मतदार कागदी मतपत्रिका वापरत नसत. ते काचेची गोटी उमेदवाराच्या रंगाच्या पत्र्याच्या पिंपात टाकत. गोटी पडली की आतली घंटा वाजते, म्हणून दुसरी गोटी टाकली तर लगेच कळते. मोजताना गोट्या ठरावीक भोकांच्या तबकात ओततात. २०१६मध्ये ही मोजणी पहिल्यांदाच मतदान केंद्रावर, पक्ष-प्रतिनिधींसमोर झाली. पिंपे वाहून नेण्याची गरजच उरली नाही, त्यामुळे वाटेत बदलण्याची भीतीही संपली. प्रत्येक केंद्राचा आकडा अनेकांच्या वहीत होता. आयोगाला चूक दुरुस्त करता आली तीही याच कारणाने, आणि दुरुस्तीनंतर विजेता कोण हा वाद उरला नाही. दुसरी गोष्ट, हरलेल्या माणसाने स्वतः पराभव मान्य केलेला होता. तिसरी, भूगोल : गांबियाला तीन बाजूंनी सेनेगल वेढतो आणि सेनेगलची कृती करण्याची तयारी होती. चौथी, मागणी एकच आणि मोजता येणारी होती. निवडून आलेला माणूस ठरलेल्या तारखेला पदावर बसला पाहिजे. ‘लोकशाही सुधारा’ अशी मोघम मागणी असती तर मुदत कशाची घालणार होते?

यात एक कच्चा दुवा होता, त्याची फार चर्चा झाली नाही. जामेह यांनी निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, पण ऐकायला न्यायाधीशच नव्हते. गांबियाचे न्यायालय बऱ्याच अंशी नायजेरिया, सिएरा लिओन अशा देशांतून आलेल्या न्यायाधीशांवर चालत असे, आणि पुरेसे पीठ बसवता आले नाही. प्रादेशिक भागीदारीने न्यायाधीशांची एक तयार यादी ठेवली असती, निवडणुकीच्या आधीच त्यांची नेमणूक झाली असती, तर तो वाद कदाचित न्यायालयातच मिटला असता. सैन्य पाठवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडले असते. अशी तरतूद लहान देशांसाठी नेहमीच असली पाहिजे.

सेनेगलमध्ये २०२४ साली याची दुसरी बाजू दिसली. २५ फेब्रुवारीला निवडणूक होणार होती. ३ फेब्रुवारीला अध्यक्ष मॅकी साल यांनी ती पुढे ढकलली. इकोवासने निवडणूक-कार्यक्रम पूर्ववत करण्याचे आवाहन केले, त्यापुढे काही झाले नाही. सेनेगलच्या घटनात्मक परिषदेने १५ फेब्रुवारीला पुढे ढकलण्याचा निर्णय रद्द ठरवला. २४ मार्चला मतदान झाले, विरोधी बाजूचे बासिरू दियोमाये फाये पहिल्याच फेरीत जिंकले आणि सत्तांतर शांतपणे पार पडले. देशातले न्यायालय ठाम असेल तर शेजाऱ्यांच्या सैन्याची गरज लागत नाही. म्हणून शेजाऱ्यांचे पहिले कर्तव्य अशा संस्था आधीपासून भक्कम करण्याचे आहे. नेमणुकांवर नजर ठेवणे, अर्थसंकल्पात त्यांचा निधी कापला गेला तर विचारणा करणे आणि न्यायाधीशांवर दबाव आला तर तेव्हाच, त्याच आठवड्यात बोलणे हे त्यात आले.

निर्बंधांचा अनुभव जास्त कडू आहे. मालीच्या लष्करी राजवटीने फेब्रुवारी २०२२पर्यंत निवडणुकीचे आश्वासन दिले होते. मुदत जवळ आल्यावर तिने संक्रमणाचा काळ पाच वर्षांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव ठेवला. जानेवारी २०२२मध्ये इकोवासने सीमा बंद केल्या, व्यापार थांबवला, प्रादेशिक मध्यवर्ती बँकेतील मालीच्या सरकारी ठेवी गोठवल्या. राजधानी बामाकोच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चे निघाले, पण ते निघाले राजवटीच्या बाजूने. जुलैमध्ये मार्च २०२४ची नवी तारीख मिळाल्यावर बहुतेक निर्बंध उठले, आणि ती तारीखही उलटून गेली. नायजरमध्ये जुलै २०२३च्या बंडानंतर चूक आणखी मोठी झाली. चारच दिवसांत एका आठवड्याची मुदत देऊन बळाच्या वापराची धमकी दिली गेली. त्यासाठी सैन्य तयार नव्हते, नायजेरियाच्या सिनेटचा विरोध होता, आणि आठवडा नुसताच गेला. नायजेरियाने वीज तोडली. नायजरची बहुतांश वीज तिथूनच येत असे. अंधारात बसली ती सामान्य घरे, रुग्णालये आणि पाण्याचे पंप. फेब्रुवारी २०२४मध्ये निर्बंध उठले, पण त्याआधीच माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी संघटना सोडण्याची घोषणा केली होती. २९ जानेवारी २०२५पासून ते अधिकृतपणे बाहेर आहेत.

इथे क्रम चुकला आणि नेमही चुकला. निर्बंध आधी व्यक्तींवर हवेत : सत्ताधारी परिषदेचे सदस्य, त्यांचे कुटुंबीय, त्यांच्या कंपन्या. त्यांचे व्हिसा, परदेशातील खाती, मालमत्ता. पुढची पायरी शस्त्रखरेदी आणि लष्करी प्रशिक्षणाची. सरकारी खाती त्यानंतर. अन्न, औषधे, वीज आणि पाणी यांना हात लावायचाच नाही, आणि ही सूट पहिल्याच आदेशात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना व बँकांना कळेल अशा शब्दांत लिहायची. नाहीतर कागदावर सूट असते आणि ट्रक सीमेवर उभे राहतात, कारण जोखीम घ्यायला कोणताही कारकून तयार नसतो. प्रत्येक निर्बंध कशाने उठेल तेही आधीच सांगितले पाहिजे. ‘निवडणूक घ्या’ एवढी एकच अट असली की राजवट शेवटच्या महिन्यापर्यंत काही करत नाही आणि मग तयारी झाली नाही म्हणून मुदत मागते. अटी टप्प्यांच्या हव्यात. अमुक तारखेला निवडणूक आयोगाची नेमणूक, अमुक तारखेला मतदार नोंदणी पूर्ण, अमुक तारखेला कायदा राजपत्रात. प्रत्येक टप्पा बाहेरच्या माणसाने तपासायचा. आणि जी धमकी पाळता येणार नाही ती द्यायची नाही. नायजरच्या बाबतीत त्या एका आठवड्याने इकोवासची पंधरा वर्षांची पत खर्च केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवडणूक निरीक्षण हे या भागीदारीचे सर्वांत दिसणारे काम आहे, आणि सर्वांत जास्त सुधारण्याजोगेही. ऑगस्ट २०१७मध्ये केनियात आफ्रिकी संघ, युरोपीय संघ आणि इतर अनेकांची पथके होती. मतदान शांततेत झाले, रांगा शिस्तीत होत्या, आणि प्राथमिक निवेदने एकूण समाधानाची आली. १ सप्टेंबरला केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. सगळी निकालपत्रके हाती येण्याआधीच आयोगाने निकाल जाहीर केला होता, आणि केंद्रांवरून आकडे वर पाठवण्याची व्यवस्था पडताळून पाहता येत नव्हती. मलावीत मे २०१९मध्येही तेच. निकालपत्रकांवर पांढरा द्रव लावून आकडे बदललेले होते. न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२० रोजी निकाल रद्द केला, जूनमध्ये फेरनिवडणूक झाली आणि लाझारस चक्वेरा जिंकले. दोन्ही ठिकाणी घोळ मतपेटीजवळ झाला नव्हता. तो केंद्र ते राजधानी या प्रवासात झाला होता, आणि तोपर्यंत बहुतेक निरीक्षक विमानतळावर पोचलेले होते.

म्हणून पथक कसे असावे याबद्दल आग्रह धरायला हवा. मतदारयादीची तपासणी तीन-चार महिने आधी, दोन्ही दिशांनी. यादीतली नावे निवडून ती माणसे गावात आहेत का पाहायचे, आणि गावातली माणसे निवडून ती यादीत आहेत का पाहायचे. पहिल्या तपासणीत मृत आणि बनावट नावे सापडतात, दुसरीत वगळलेली माणसे. एकच केली तर अर्धाच रोग कळतो. दीर्घ मुदतीचे निरीक्षक किमान सहा ते आठ आठवडे आधी जिल्ह्यांत गेले पाहिजेत, कारण सरकारी वाहने, पोलीस आणि रेडिओ यांचा गैरवापर प्रचारात होतो, मतदानाच्या दिवशी नाही. मतदानाच्या रात्री निरीक्षकांपैकी मोठा भाग, सगळ्या केंद्रांच्या आकड्यांची बेरीज होते त्या संकलन केंद्रांवर हलवावा आणि अंतिम निकाल जाहीर होईपर्यंत तिथेच ठेवावा. मतदानानंतर दोन दिवसांत दिले जाणारे निवेदन फक्त मतदानाबद्दल आहे, मोजणी व संकलनाबद्दल नाही, हे त्याच्या पहिल्या ओळीत लिहावे. सत्ताधारी पक्ष अशा निवेदनातले एखादे गोड वाक्य तासाभरात फलकावर छापतो.

सर्वांत महत्त्वाची मागणी एकच : प्रत्येक केंद्राच्या निकालपत्रकाचे छायाचित्र लगेच, सर्वांना पाहता येईल असे प्रसिद्ध झाले पाहिजे. एक प्रत केंद्राच्या दारावर चिकटवावी आणि एक प्रत सर्व पक्ष-प्रतिनिधींना सहीनिशी द्यावी. हे झाले की देशातल्या नागरिक संघटनांना नमुना पद्धतीने समांतर बेरीज करता येते. यादृच्छिक पद्धतीने निवडलेली हजार-दीड हजार केंद्रे मोठ्या देशातही पुरतात. यातही मर्यादा आहे : लढत अटीतटीची असेल तर नमुन्यातून विजेता ठरत नाही, आणि तसे उघडपणे सांगण्याचे धैर्य संघटनेत असावे लागते. बाहेरच्या पथकाने या स्थानिक संघटनांना संरक्षण आणि व्यासपीठ द्यावे. त्यांना भाषा येते, रस्ते माहीत असतात, आणि निवडणूक संपली तरी त्या तिथेच असतात.

अहवाल खरा लिहिला तरी पुढे काय, हा प्रश्न उरतोच. ऑगस्ट २०२३मध्ये झिम्बाब्वेच्या निवडणुकीबद्दल आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांच्या विकास समुदायाच्या पथकाने धाडसी निवेदन दिले. निवडणुकीच्या काही बाबी देशाची घटना, निवडणूक कायदा आणि समुदायाची तत्त्वे यांच्या कसोटीला उतरल्या नाहीत, असे त्यात म्हटले होते. पथकाचे प्रमुख झाम्बियाचे माजी उपराष्ट्राध्यक्ष नेव्हर्स मुम्बा यांच्यावर झिम्बाब्वेच्या सत्ताधाऱ्यांनी आणि सरकारी माध्यमांनी टीकेची झोड उठवली. एक वर्षानंतर, ऑगस्ट २०२४मध्ये, त्याच समुदायाचे अध्यक्षपद झिम्बाब्वेकडे आले. निरीक्षकाच्या पाठीशी संघटना उभी राहणार नसेल तर पुढचा निरीक्षक असे निवेदन का लिहील?

२००३पासून आफ्रिकी देश एकमेकांच्या कारभाराचा आढावा घेतात, त्या परस्पर आढावा यंत्रणेचीही हीच गत आहे. तिच्या अहवालांचा दर्जा चांगला आहे. केनियाच्या २००६च्या अहवालात वांशिक तणावाचा इशारा होता, आणि डिसेंबर २००७च्या निवडणुकीनंतर हजाराहून अधिक माणसे मारली गेली. दक्षिण आफ्रिकेच्या २००७च्या अहवालात परदेशी लोकांविषयीच्या द्वेषाचा इशारा होता, सरकारला तो पटला नाही, आणि मे २००८च्या हल्ल्यांत साठहून अधिक बळी गेले. इशारा वेळेवर मिळाला होता. तो ऐकला नाही तर काहीच होत नाही, अशी रचना होती. अशा इशाऱ्याला सहा महिन्यांत लेखी आणि जाहीर उत्तर देणे बंधनकारक केले, तर निदान संसदेत आणि वृत्तपत्रांत प्रश्न विचारायला आधार मिळेल.

प्रादेशिक न्यायालयांकडे मी जास्त आशेने पाहतो, आणि नेमकी त्यांचीच भीती सत्ताधाऱ्यांना वाटते. त्याच दक्षिणेकडील समुदायाच्या, नामिबियातील विंडहुक येथील न्यायाधिकरणाने २००८मध्ये जमीन ताब्यात घेण्याच्या प्रकरणात झिम्बाब्वे सरकारविरुद्ध निकाल दिला. २०१०च्या शिखर बैठकीत न्यायाधिकरणाचे कामच थांबवण्यात आले, आणि पुढे व्यक्तींना तिथे दाद मागण्याचा मार्ग बंद करणारा नवा मसुदा आला. निकाल आवडला नाही म्हणून कोर्टच गुंडाळले. याउलट इकोवासच्या न्यायालयात २००५पासून कोणाही नागरिकाला मानवी हक्कांच्या प्रकरणी थेट जाता येते, आधी देशातली सगळी न्यायालये पालथी घालावी लागत नाहीत. निकालांची अंमलबजावणी कमजोर आहे हे खरे, पण हे दार उघडे ठेवणेच मोलाचे आहे. कार्यकाळाच्या प्रश्नावर अमेरिका खंडाच्या मानवी हक्क न्यायालयाने जून २०२१मध्ये दिलेले मत तर सर्व खंडांनी वाचावे. पुन्हा पुन्हा अमर्याद वेळा निवडून येणे हा मानवी हक्क नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. लॅटिन अमेरिकेतल्या काही देशांत सत्ताधाऱ्यांनी याच हक्काचा दाखला देऊन न्यायालयांकडून कार्यकाळाची मर्यादा उठवून घेतली होती.

त्याच खंडात सत्तेवरच्या माणसाला रोखण्याचे एक जुने उदाहरणही आहे. २०००मध्ये पेरूचे अध्यक्ष अल्बेर्तो फुजिमोरी तिसऱ्या कार्यकाळासाठी उभे होते. अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेच्या पथकाने मतमोजणीची संगणक व्यवस्था तपासायला वेळ मागितला. तो मिळाला नाही, तेव्हा पथकाने दुसऱ्या फेरीचे निरीक्षण करण्यास नकार दिला. संघटनेने सरकार, विरोधक आणि नागरिक संघटना यांना एका टेबलाभोवती बसवले. काही महिन्यांनी लाचखोरीची चित्रफीत बाहेर आली आणि राजवट कोसळली, तेव्हा संक्रमणाच्या अटी ठरवायला हे टेबल तयार होते. पुढच्याच वर्षी, ११ सप्टेंबर २००१ रोजी, त्याच लिमा शहरात या संघटनेची लोकशाही सनद मंजूर झाली. तीत निलंबनासाठी दोन-तृतीयांश मते लागतात, एकमत लागत नाही. होंडुरासला २००९मध्ये निलंबित केले गेले ते याच सनदेनुसार.

एकमताच्या अटीने काय होते हे इतरत्र दिसतेच. आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या, आसियानच्या सनदेत सदस्याला निलंबित करण्याची स्पष्ट तरतूद नाही आणि निर्णय सहमतीने होतात. फेब्रुवारी २०२१मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता घेतली, एप्रिलमध्ये जाकार्तात पाच कलमी सहमती झाली आणि ती अमलात आणायला कोणी भाग पाडू शकले नाही. शिखर बैठकीला लष्करप्रमुखाला न बोलावणे एवढेच हाती उरले. सार्कच्या सनदेत तर एकमताची अट आहेच, शिवाय द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेतूनच वगळलेले आहेत. २०१४च्या काठमांडू बैठकीनंतर तिथे शिखर परिषदच भरली नाही. युरोपीय संघाकडे पैसा आहे, न्यायालय आहे, प्रवेशाच्या कडक अटी आहेत. तरीही सदस्य झाल्यावर हंगेरीविरुद्ध सातव्या कलमाची, म्हणजे सदस्याचे हक्क निलंबित करू शकणारी प्रक्रिया २०१८पासून अडकून पडली, कारण पुढच्या टप्प्यावर बाकी सर्वांचे एकमत लागते. हालचाल झाली ती निधी कायद्याच्या राज्याशी जोडल्यावर. डिसेंबर २०२२मध्ये हंगेरीचे ६३० कोटी युरो रोखले गेले आणि त्या निर्णयाला एकमत लागले नाही, ठरावीक प्रमाणातले बहुमत पुरले.

यावरचा सर्वांत जुना आक्षेप सार्वभौमत्वाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वसाहतवाद भोगलेल्या देशांना बाहेरचा सल्ला टोचतो. पण सार्वभौमत्व लोकांचे असते, आणि लोकांनी मंजूर केलेली कार्यकाळाची मर्यादा तोडणारा माणूस त्याच्या नावाने बोलू शकत नाही. आक्षेपाचा दुसरा भाग मात्र मला पूर्ण मान्य आहे. परदेशी देणगीदारांच्या पैशावर चालणाऱ्या निरीक्षण पथकावर आणि आढाव्यावर संशय घेतला जाणारच. त्याला उत्तर स्वतःच्या पैशाचे आहे. इकोवास बाहेरून येणाऱ्या आयातीवर ०.५ टक्के उपकर घेते. आफ्रिकी संघाने २०१६मध्ये किगालीत ०.२ टक्क्यांचा निर्णय केला, पण सर्व सदस्य तो भरत नाहीत. निवडणूक निरीक्षण, न्यायालय आणि आढावा यांचा खर्च या उपकरातून आधी बाजूला काढावा, उरलेल्यात बाकीचे भागवावे.

आता मूळ प्रश्नाकडे. मे २०१५मध्ये अक्रा येथील बैठकीत इकोवासपुढे प्रस्ताव होता की सर्व सदस्य देशांत अध्यक्षाला दोनच कार्यकाळ असावेत. टोगो आणि गांबिया यांनी विरोध केला आणि प्रस्ताव बाजूला पडला. त्यानंतर गिनीत जे झाले ते वर आलेच. आयव्हरी कोस्टमध्ये अलासान वात्तारा यांनी २०१६च्या नव्या घटनेच्या आधाराने २०२०मध्ये तिसरा आणि २०२५मध्ये चौथा कार्यकाळ मिळवला. टोगोने २०२४मध्ये संसदीय पद्धत स्वीकारली, आणि मे २०२५मध्ये फोर न्यासिंगबे मंत्रिपरिषदेचे अध्यक्ष झाले. या पदाला कार्यकाळाची मर्यादा नाही.

हा प्रस्ताव पुन्हा आणावा, पण जुन्या शब्दांत नाही. मर्यादा ‘राष्ट्राध्यक्ष’ या पदावर घातली की टोगोसारखी पळवाट निघते. ती कार्यकारी सत्ता प्रत्यक्ष वापरणाऱ्या व्यक्तीवर असावी, पदाचे नाव काहीही असो. घटना बदलली तरी आधीचे कार्यकाळ मोजले जातील हे कलमातच लिहावे. कार्यकाळ वाढवणारा कोणताही बदल तो करणाऱ्या व्यक्तीला लागू होणार नाही, फक्त पुढच्या व्यक्तीला होईल. बदलाचा मसुदा संसदेत मांडला गेला की ३० दिवसांत प्रादेशिक न्यायालयाने आपले मत आपोआप द्यावे, त्यासाठी कोणा राष्ट्रप्रमुखाने मागणी करण्याची गरज नसावी. मत प्रतिकूल असेल आणि सरकार पुढे गेले, तर त्या निवडणुकीला निरीक्षक जाणार नाहीत, आणि निवडून आलेल्या व्यक्तीला शिखर बैठकीत आसन मिळणार नाही. देशाचे सदस्यत्व, व्यापार आणि लोकांची ये-जा चालूच राहील. सर्वांच्या संमतीची वाट पाहू नये. नायजेरिया, घाना, सेनेगल, बेनिन, लायबेरिया, सिएरा लिओन आणि केप व्हर्द यांच्या घटनांत दोन कार्यकाळांची मर्यादा आहेच. एवढ्या देशांनी पूरक करार करून तो आपापल्या संसदेत मंजूर केला, तर करार लागू होऊ शकतो. बाकीच्यांना मागाहून येता येईल, आणि तोपर्यंत त्यांच्या नागरिकांना आपल्या सरकारने सही का केली नाही हे विचारता येईल.